समोरच्या कॉटवरची श्रिया

रेश्मा निमगाव केतकीची. घरचा पानमळा. मळ्यात वेलींच्या दाट ओळींमध्ये पानं खुडणारी माणसं एकमेकांना दिसत नाहीत, आवाज तेवढे ऐकू येतात. आजी कुशाबाई एका ओळीत आणि रेश्मा पलीकडच्या ओळीत, अशा दोघी सकाळभर गप्पा मारत पानं खुडायच्या. त्यामुळं पोरगी बोलकी निघाली. बारावीनंतर ती बारामतीला कॉलेजात आली, तेव्हा हॉस्टेलच्या दारात ट्रंक उतरवताना तिचे वडील दत्तोबा म्हणाले, "खोलीतल्या पोरीचं डोकं खाऊ नगो."

खोलीतल्या पोरीचं नाव श्रिया. भिगवणची. दोघींना एक खोली मिळाल्याचं कळलं त्याच दिवशी रेश्मानं तिला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं होतं. नाव, आडनाव, गाव, शाळेच्या निरोप समारंभाचा साडीतला फोटो, सगळं जुळत होतं. रेश्मानं लिहिलं, "हाय, मी रेश्मा. तुजी रूममेट." बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "नमस्कार रेश्मा. तू येणार म्हणून बरं वाटलं."

नमस्कार वाचून रेश्मा हसली. हॉस्टेलात येईपर्यंत दोघींचं रोज बोलणं झालं. मेसचं जेवण कसं असेल, घरून लोणचं कोण आणणार, खिडकीजवळची कॉट कुणाची. समोरून येणारं प्रत्येक वाक्य नीट, पूर्णविरामासकट असायचं. खिडकी श्रियानं तिला देऊन टाकली.

प्रत्यक्षात श्रिया आली ती कानात इअरफोन घालून. उंच, सावळी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "हाय," म्हणाली आणि सरळ खिडकीजवळच्या कॉटवर बॅग टाकली. रेश्मा बघत राहिली. पण पहिल्याच दिवशी कशाला बोलायचं, म्हणून तिनं आपली ट्रंक भिंतीकडं सरकवली. संध्याकाळी तिनं फोनवर लिहिलं, "खिडकी पायजेल व्हती व्हय तुला? आधी सांगायचं." उत्तर आलं, "माझं चुकलं. रागावू नकोस." रेश्मानं मान वर करून बघितलं. श्रिया पाठ करून पडली होती.

रेश्माला वाटलं, ही समोरासमोर लाजते. असं वाटायला कारणही होतं, कारण सगळं हॉस्टेलच तसं होतं. मेसमध्ये लांब टेबलावर पोरी ओळीनं बसायच्या, डाव्या हातात फोन, उजव्या हातात घास. कुणी काही बोलत नसे आणि मधेच एकाच वेळी दहाबारा जणी फस्सकन हसायच्या. ज्या पोरीवर हसल्या ती त्याच टेबलावर असायची आणि तीही हसायची. वर्गात रेश्माच्या मागं बसणारा यशराज रोज तिच्या फोटोला बदाम पाठवायचा. जिन्यात समोर आला की भिंतीवरची नोटीस वाचायला लागायचा. एकदा रेश्मानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तू काल काय पाठीवलं व्हतंस?" तर तो असा दचकला, जणू तिनं त्याच्या खिशात हात घातला. तेव्हा रेश्माला कळलं की फोनवरचं फोनवर ठेवायचं असतं. तोंडानं काढायचं नसतं. हा नियम तिला कुणी सांगितला नाही, पण सगळे पाळत होते. मग तीही पाळायला लागली.

हळूहळू तिचं तोंडानं बोलणं बंद होत गेलं. आठवड्याला घरी फोन केला की कुशाबाई विचारायची, "घसा बसलाय का गं तुजा?"

पण फोनवर श्रिया होती. वर्गातून आल्यावर रेश्मा आपल्या कॉटवर बसायची, श्रिया समोरच्या कॉटवर, मधे एक स्टूल मावेल एवढी जागा. रेश्मा लिहायची आणि उत्तर यायचं. श्रियाचा अंगठा स्क्रीनवर चालत असायचा. रेश्मा तिच्या चेहऱ्याकडं बघायची, तर तो कोरा. एवढी मायेची वाक्यं लिहिताना माणसाचा चेहरा जरासुद्धा हलत नाही, याचं तिला नवल वाटायचं. मग सवय झाली.

एकदा तिनं लिहिलं, "आज नाराज दिसतीस. डोळे सुजल्यात. काय झालं?"

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "मी रडले का? तू पाहिलंस?"

स्वतः रडल्याचं कुणी असं विचारतं का, हे रेश्माच्या मनात आलं आणि गेलं. तेवढ्यात श्रियाचा फोन वाजला. श्रिया म्हणाली, "काही नाही झालं. आई, तुला कोण सांगतं गं असलं? ठेव." आणि फोन उशीवर आपटला.

दिवाळीनंतर रेश्माची आई डबा घेऊन हॉस्टेलला आली होती. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात खतांच्या पोत्याची शिवलेली पिशवी. रेश्मानं तिला गेटवरच थांबवलं, आत नेलं नाही. डबा घेतला आणि रिक्षात बसवून दिलं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त श्रियाला लिहिलं. त्यावर दोन दिवस काहीच उत्तर आलं नाही. श्रिया समोर होती, जेवत होती, कपडे वाळत घालत होती आणि तरी उत्तर देत नव्हती. तिसऱ्या दिवशी आलं, "आईला पुन्हा बोलाव. या वेळी आत ने. तुझ्या कॉटवर बसव." रेश्मानं तसं केलं. आई कॉटच्या कडेवर अंग चोरून बसली आणि चादरीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवशी श्रिया खोलीत होती. तिनं इअरफोन काढून नमस्कारसुद्धा केला नाही. रेश्माला ते फार लागलं. कारण आईला आत आणायला लावणारी हीच, असं ती धरून चालली होती.

अशा गोष्टी साठत गेल्या. फोनवर विचारलं, "पंखा बारीक करू का?" उत्तर आलं, "कर." पंखा कमी केला की श्रिया ओरडायची, "अगं, उकडतंय!"

एप्रिलात एका दुपारी रेश्माला मेसेज आला, "वाळत घातलेले कपडे आत घे. वादळ येतंय." बाहेर रखरखीत ऊन होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. रेश्मानं श्रियाकडं बघितलं. ती खिडकीकडं पाठ करून कसला तरी व्हिडिओ बघत होती. रेश्मा गच्चीवर गेली, दोघींचे कपडे काढून आणले. अजून घड्या घालते तोवर पूर्वेकडून, भिगवणच्या बाजूनं, धुळीचा लोट आला, खिडक्या आपटायला लागल्या आणि टपोऱ्या गारा पडल्या. श्रियानं इअरफोन काढले. आपले कोरडे कपडे बघून म्हणाली, "थँक्स. पण तुला कसं गं कळलं वादळ येणार?"

रेश्माच्या हातातली घडी अर्धीच राहिली. तिला वाटलं चेष्टा असेल. श्रिया चेष्टा करणारी नव्हती.

पुढच्याच शनिवारी दुपारी लाईट गेली. पंखा थांबला तसं सगळं हॉस्टेल शांत झालं. वाय-फाय गेलं की पोरी झोपायच्या. श्रियाही झोपली. तोंड अर्धं उघडं, कपाळावर घाम, दोन्ही हात पोटावर. तिचा फोन चार्जर लावलेला खाली फरशीवर पालथा पडला होता. रेश्माला झोप येत नव्हती. काही कारण नसताना तिनं आपल्या मोबाईल डेटावरून लिहिलं, "झोपलीस का?"

खाली अक्षरं उमटली. टाइप करत आहे.

मग आलं, "नाही. जागीच आहे. बोल."

रेश्मानं मान वर केली. श्रियाची छाती हळू वरखाली होत होती. बोटं सैल होती. फरशीवरचा फोन काळाठिक्कर होता.

पुन्हा मेसेज आला. "रेश्मा? काय झालं?"

रेश्मानं लिहिलं, "तू आत्ता कुठं हायस?"

टाइप करत आहे. मग थांबलं. पुन्हा टाइप करत आहे. पुन्हा थांबलं. बाहेर कुठंतरी जनरेटर सुरू झाला.

"खोलीतच. तुझ्यासमोर."

रेश्मानं फोन गादीवर टाकला आणि उठली. मधली जागा ओलांडून श्रियाचा खांदा धरला. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं तिला हात लावला होता. श्रिया धडपडून उठली.

"काय? काय झालं?"

"तू माज्याशी बोलतीस का?" रेश्मा म्हणाली. "फोनवर. माज्याशी रोज बोलणारी तूच हायस ना?"

"मी?" श्रिया डोळे चोळत म्हणाली. "आपण कधी बोलतो?"

रेश्मानं तिला फोन दाखवला. श्रियानं नाव बघितलं, फोटो बघितला. "हे माझं जुनं अकाउंट आहे. शाळेतलं. नातेवाईक सगळे त्याच्यावर, म्हणून मी इथं यायच्या आधीच सोडलं. दुसऱ्या नावानं नवीन काढलं." तिचा अंगठा वर वर सरकत होता. डिसेंबर गेला, दिवाळी गेली, ऑगस्ट आला. "एवढं? एवढं सगळं तू... कुणाशी?"

"मला काय ठावं!" रेश्मा रडायला लागली. "मला वाटलं तू."

दोघी एका कॉटवर बसल्या. मग श्रिया म्हणाली, "ते अकाउंट माझ्या जुन्या फोनवर चालू राहिलं असणार. नवीन फोन घेतला तेव्हा तो मी घरीच ठेवला." ती थांबली. "मोहितकडं असेल."

मोहित तिचा मोठा भाऊ. चाकणला कंपनीत होता, सुट्टीला घरी यायचा. आपण काय काय लिहिलंय ते रेश्माला एकेक आठवायला लागलं. पाळीचं दुखणं, यशराजचे बदाम, गेटवर थांबवलेली आई. ते सगळं कुणीतरी अनोळखी पुरुष वर्षभर वाचत होता आणि "जेवून घे" म्हणत होता.

"पोलिसात जायचं?" तिनं विचारलं.

"आधी घरी जाऊ," श्रिया म्हणाली. "माझ्यासमोर बोलू दे त्याला."

रविवारी सकाळी दोघी भिगवणच्या एसटीत बसल्या. बसमध्ये श्रियानं इअरफोन काढले नाहीत, पण त्यांतून काही वाजत नव्हतं हे रेश्माला शेजारी बसून कळत होतं. रेश्माच्या फोनवर कालपासून मेसेज येत होते. "माझं काही चुकलं का?" "निदान जेवलीस एवढं सांग." ती उत्तर देत नव्हती. फोन मांडीवर थरथरला की दोघी एकदम त्याच्याकडं बघायच्या.

श्रियाचं घर स्टेशनच्या पलीकडं, शेवटच्या ओळीत. त्यापुढं उजनी धरणाचं पाणी. एप्रिलात ते मागं हटलेलं, मधे भेगाळलेला गाळ आणि त्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास. दार उघडं होतं. बैठकीत कुणी नव्हतं. खुंटीला मोहितचा शर्ट नव्हता, दारात त्याची गाडी नव्हती.

"आई," श्रियानं हाक मारली.

आतून विमल आली. श्रियाची आई. पन्नाशीकडं झुकलेली, बारीक अंगाची बाई, चष्मा कपाळावर सरकवलेला, पदराला हात पुसत. तिनं श्रियाकडं बघितलं. मग तिच्या मागं उभ्या असलेल्या मुलीकडं बघितलं, आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"रेश्मा," ती म्हणाली.

श्रियानं वळून रेश्माकडं बघितलं, मग आईकडं. "हिचं नाव तुला कसं माहीत? मी तुला कधी सांगितलं नाही."

विमलचा चेहरा हळूहळू मावळला. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

दोघी उभ्याच. आत भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग रेश्माच्या हातातला फोन थरथरला.

"बस. उभी राहू नकोस. तुला साखर कमी लागते ना?"

रेश्मानं फोन श्रियापुढं धरला. श्रिया स्वयंपाकघरात गेली. डब्यांच्या फडताळाला टेकून विमल उभी होती, आणि तिच्या हातात मागची काच तडकलेला तो जुना फोन होता. अंगठा अजून स्क्रीनवरच होता.

"माझ्या नावानं," श्रिया म्हणाली. "वर्षभर. माझ्या नावानं!"

विमल जमिनीकडं बघून बोलली. ओठ हलत होते, आवाज फार बारीक. "पहिल्यांदा तो आपोआप वाजला. 'मी रेश्मा' असं आलं. उत्तर दिलं नाही तर पोरीला वाईट वाटेल म्हणून दिलं. मी सांगणार होते तिला, की मी आई आहे. मग ती तुझ्याबद्दल लिहायला लागली. तू जेवलीस, तुला ताप होता, तू रडलीस. तुला फोन केला की तू 'हं' म्हणतेस आणि ठेवतेस. हिच्याकडून मला तू कळायचीस."

"मग हिच्याशी खोटं का बोललीस?"

"खोटं काहीच नाही बोलले," विमल म्हणाली. "नाव सोडून."

दारात उभ्या रेश्माकडं तिनं एकदा बघितलं. रेश्माला तिच्याशी बोलायचं होतं. हीच ती, जिला आपण सगळं सांगितलं, असं ती स्वतःला बजावत होती. पण या चेहऱ्याशी ती कधीच बोलली नव्हती. चहा उतू गेला. तिघींपैकी कुणीच गॅस बंद करेना, शेवटी तो आपोआप विझला आणि घरात गॅसचा वास पसरला, तेव्हा श्रियानं पुढं होऊन बटण फिरवलं आणि आईच्या हातातून फोन घेतला. विमलनं तो सहज दिला.

परतीच्या बसमध्ये श्रियानं ते अकाउंट बंद केलं. त्याआधी रेश्माला म्हणाली, "तुझ्याकडचं मला वाचू दे." पुढचे कितीतरी दिवस ती संध्याकाळी रेश्माच्या कॉटवर येऊन बसायची आणि वाचायची. त्यात तिच्या लहानपणच्या गोष्टी होत्या, तिला स्वतःला आठवत नसलेल्या. ती तीन वर्षांची असताना गाळात रुतली होती आणि भोई लोकांनी तिला होडीत ओढून घेतलं होतं. तिला सातवीपर्यंत अंधाराची भीती वाटायची. हे सगळं "मी" म्हणून लिहिलेलं होतं. वाचता वाचता एकदा ती म्हणाली, "मी असणं आईला माझ्यापेक्षा चांगलं जमलंय."

रेश्माला त्या दिवसांत नीट झोप लागत नसे. जणू कुणीतरी जवळचं वारलं होतं, आणि ते कधी नव्हतंच. समोरच्या कॉटवर फोनवरच्या त्या मैत्रिणीचंच नाव, तिचाच फोटो असलेली मुलगी बसली होती, आणि ती ही नव्हती. त्यात भर म्हणजे श्रिया आता बोलायला लागली होती. "ताटात भात टाकू नकोस, मग भूक लागते." "बाईंनी रागावलं तर एवढं काय, त्या घरी जाऊन विसरल्या असतील." रेश्मा चमकायची. ही वाक्यं तिनं वाचली होती, कधी जानेवारीत, कधी मार्चमध्ये.

एकदा तिनं विचारलंच, "तू बोलतीस का पाठ म्हणतीस?"

श्रिया खिडकीबाहेर बघत राहिली. "मलाच कळत नाही," म्हणाली.

परीक्षा संपल्यावर रेश्मा भिगवणला गेली. एकटीच, कुणी बोलावलं नव्हतं. श्रियाचे वडील चिंतामण पाटबंधारे खात्यात इंदापूरला नोकरीला, दिवसभर घरी नसायचे. विमल भाकऱ्या करत होती. रेश्मा दारापाशी पाटावर बसली. मग ओट्याकडं तोंड असलेली विमल, पीठ थापता थापता, एकदम म्हणाली, "तुझ्या आजीचा गुडघा कसा आहे?"

"बरा हाय काकू," रेश्मा म्हणाली. "तेल लावती."

बोलणं सुरू झालं. पाठमोरी विमल अगदी तशीच बोलायची, जशी लिहायची. सावकाश, पूर्ण वाक्यात. काही घ्यायला वळली आणि नजरेला नजर भिडली की दोघींचं बोलणं जागच्या जागी तुटायचं. ती पुन्हा ओट्याकडं फिरली की पुन्हा धागा लागायचा. रेश्माला त्या पाठीची भीती वाटायची आणि तिथून उठवतही नसे. ती अधूनमधून जायला लागली. मे महिन्यात श्रिया घरीच होती. आई-लेकींचं "हं" आणि "ठेवलंय" याच्यापलीकडं काही होत नव्हतं. रेश्मा आली की श्रिया आतल्या खोलीत जायची आणि दार थोडं उघडं ठेवायची.

एक दिवस विमल म्हणाली, "मागून चार काड्या कोथिंबीर आण गं." रेश्मा परसात गेली. कोथिंबीर खुडून, नळाखाली धुऊन परत येते तो स्वयंपाकघराच्या दाराशी तिची पावलं थांबली.

तिच्या पाटावर श्रिया बसली होती. गुडघे जवळ घेऊन, रेश्मा बसते तशी. विमलची पाठ होती. हात भाकरीवर पडत होते.

"आमची श्रिया लहानपणी फार बोलायची," विमल सांगत होती. "मी भांडी घासायचे आणि ही शेजारी बसून बडबड करायची. मी म्हणायचे, गप्प बस जरा, डोकं दुखतं. तेव्हा नाही ऐकलं तिनं कधी." थापण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "तुला काही म्हणाली का गं ती? फार रागावली आहे का माझ्यावर?"

श्रियानं तोंड उघडलं. "न्हाय काकू," ती म्हणाली. आवाज रेश्माचा होता. तोच हेल, तोच जरासा बसलेला घसा. "रागावली न्हाय ती."

आपण इथं उभ्या आहोत आणि आपला आवाज तिथून येतोय, असं रेश्माला झालं.

विमलचे हात हवेतच राहिले. तिची मान जराशी कलली, कान मागं लागल्यासारखी. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती वळली नाही.

"बरं," ती म्हणाली. भाकरी उलटली. "मग बोलत का नाही?"

"तिला येत न्हाय," पाटावरून उत्तर आलं. "शिकाया लागलीया."

"व्हय?" विमल म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडचा नव्हता. तो तिनं रेश्माकडून उचललेला होता. "कशी शिकते, सांग बरं."

श्रिया सांगायला लागली. ओल्या कोथिंबिरीचं पाणी रेश्माच्या मनगटावरून ओघळत होतं. आपण पाऊल आत टाकलं तर दोघी वळतील आणि हे इथंच संपेल, एवढं तिला कळलं. कोथिंबीर उंबऱ्यावर ठेवून ती आवाज न करता मागं सरली आणि परसात भर उन्हात जाऊन उभी राहिली. आतून तिचाच आवाज बराच वेळ बोलत होता.